मुलांचे सामने आणि मोठ्यांचा कारभार

खेळांत मुलांना जें शिकावयाचें असतें तें बहुतेक चेंडूच शिकवितो. परंतु न्याय कशास म्हणतात हें मात्र त्यांना सामने भरविणारीं वडील माणसें शिकवितात. पंच कोणीं नेमला, चिठ्ठ्या कोणीं काढल्या, वर्गणीचा हिशेब कोणाजवळ आहे, ह्या गोष्टी मुलें बोलून दाखवीत नाहींत. पण त्या त्यांच्या नजरेंतून सुटतही नाहींत. म्हणून तरुण मंडळांच्या व्हॉलीबॉलच्या सामन्यांविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा खेळ १८९५ सालीं अमेरिकेंतील होलिओक गांवीं विल्यम मॉर्गन नांवाच्या व्यायामशिक्षकानें काढिला. बास्केटबॉलची धांवपळ ज्यांना झेपत नसे अशा प्रौढ गृहस्थांची सोय हा त्याचा हेतु होता. आज तो चपळ तरुणांचा खेळ झाला आहे. तरी त्याचा एक मूळचा गुण कायम आहे. तो थोड्या जागेंत व थोड्या पैशांत होतो. अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद मैदान, एक जाळें आणि एक चेंडू, एवढ्यावर काम भागतें. सभोंवार तीन-तीन मीटर मोकळी जागा सोडली तरी सारें सुमारें साडेतीन गुंठ्यांत बसतें. पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यांत सूर्यमाळसारखीं डोंगरांतलीं गांवें आहेत. तेथें जी थोडी सपाट जमीन असते ती भाताला लागते. क्रिकेटचें मैदान तेथें आणावयाचें कोठून? व्हॉलीबॉलचें मात्र शाळेच्या अंगणांत मावतें.

आतां सूर्यमाळच्या मुलांचा एक संघ सामन्यांकरितां जव्हारास निघाला आहे असें धरूं. जीपचें भाडें, प्रवेश फी, दिवसाचा शिधा, आणि मजुरी बुडते ती निराळीच. तेथें सामने बाद पद्धतीचे. आठ संघ आले तर एकंदर सामने सात होतात आणि चार संघ पहिल्याच सामन्यानंतर घरची वाट धरतात. तासाभराच्या खेळासाठीं दिवस गेला, पैसा गेला, आणि शिकावयास फारसें कांहीं मिळालें नाहीं! शिवाय पहिलीच गांठ बलाढ्य संघाशीं पडली तर चिठ्ठ्यांविषयींचा संशय मनांत राहतो तो राहतोच. जवळच्या संघाला हें एक वेळ सोसेल. लांबून येणाऱ्याला सोसत नाहीं.

हेच आठ संघ चार-चारांच्या दोन गटांत घालून साखळी पद्धतीनें खेळविले तर काय होतें पहा. प्रत्येक गटांत सहा, मिळून बारा सामने. पुढें दोन उपांत्य व एक अंतिम, असे एकंदर पंधरा. दोन मैदानें आंखून तीन-तीन डावांचे सामने ठेविले कीं दोन दिवसांत सारें आटोपतें, आणि कोणताही संघ निदान तीन सामने खेळल्यावांचून परत जात नाहीं. एका रात्रीच्या मुक्कामाचा व जेवणाचा खर्च वाढेल हें खरें. तो पहिल्या बक्षिसाच्या रकमेंतून काढावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. एका संघास मोठी ढाल देण्यापेक्षां आठ संघांस पोटभर खेळ देणें अधिक मोलाचें होय.

परंतु सामने वाढविल्यानें सर्व कांहीं साधतें असें नाहीं. आधीं नियम, मागाहून चषक, हा धडा महाराष्ट्रास नवा नाहीं. खोखो पूर्वीं गांवोगांव निरनिराळ्या रीतीनें खेळत. १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें नियम बांधले, तेव्हांपासून त्याच्या शिस्तवार सामन्यांस पाया मिळाला. व्हॉलीबॉलचे नियम तर जगभर ठरलेले आहेत. तरी खेडोपाडीं शूटिंगबॉलचाही प्रघात असल्यामुळें, कोणता खेळ, किती डाव, जाळें किती उंच, हें आमंत्रणपत्रिकेंतच छापलें पाहिजे. पंच यजमान मंडळाचा नसावा. ज्या दोन गांवांचा सामना असेल त्यांखेरीज तिसऱ्या गांवचा असावा.

वयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. सतरा वर्षांखालील मुलांच्या सामन्यांत मिसरूड फुटून जुने झालेले गडी उतरतात, आणि बक्षिसाच्या लोभानें शहरांतून उसने खेळाडूही आणविले जातात. असा चषक कपाटांत शोभतो, पण मुलांना खोटेपणाचा पाठ देऊन जातो. शाळेच्या नोंदवहींतील जन्मतारखेचा दाखला आधीं घ्यावा, एका हंगामांत एकाच मंडळाकडून खेळण्याचा दंडक ठेवावा, आणि सर्व संघांच्या नांवांची यादी सामन्यांपूर्वीं आठ दिवस उघड लावावी. यादी उघड असली म्हणजे निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

हिशेबाचेंही तसेंच. एकत्र कुटुंबांत कर्त्या पुरुषानें कीर्द उघडी ठेविली तर भावाभावांत वितुष्ट येत नाहीं. मंडळांतही हाच न्याय. कारभार बिघडला म्हणजे वरपर्यंत काय होतें ह्याचें उदाहरण दूर शोधावयास नको. देशाच्या व्हॉलीबॉल महासंघांतील आपसांतल्या भांडणांपायीं जागतिक महासंघानें डिसेंबर २०१६ मध्यें त्यास निलंबित केलें. १९६२ च्या आशियाई स्पर्धांत ज्या देशानें ह्या खेळांत रौप्यपदक मिळविलें, त्याच्या खेळाडूंवर हा प्रसंग मोठ्यांच्या कलहामुळें यावा, ही लाजेची गोष्ट होय! २०२५ सालीं झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानें राष्ट्रीय संस्थांच्या कार्यकारिणींत नामवंत खेळाडूंस व किमान चार स्त्रियांस स्थान ठेविलें आहे. गांवच्या मंडळास तो कायदा लागू नाहीं. पण चांगली रीत उचलण्यास कायद्याची वाट कशाला पाहावी? समितींत एखादी जाणती स्त्री असली तर मुलींचे सामने यादीच्या तळाशीं राहणार नाहींत.

शेवटची गोष्ट तिथीची. कापणी उरकून दिवाळी झाली कीं जव्हार-मोखाड्याकडील पुष्कळ आदिवासी कुटुंबें वीटभट्ट्यांच्या कामास भिवंडी-वसईकडे जातात, आणि त्यांबरोबर मुलेंही जातात. जानेवारींत सामने ठेवले तर सूर्यमाळच्या संघांतील अर्धे गडी भट्टीवर असावयाचे! तेथील गांवांना विचारून, पाऊस उघडल्यावर कापणीचे दिवस टाळून, किंवा शिमग्यास माणसें घरीं येतात तेव्हां, सामने भरवावे. हें विचारणें हाच कारभाराचा आरंभ होय.

आमच्या वाचकांच्या घरांतून वडिलांच्या स्मरणार्थ ढाली दिल्या जातात, वर्गण्या जातात, कोणी मंडळांचे अध्यक्षही असतात. त्यांनीं पुढच्या वेळीं देणगीबरोबर तीन प्रश्न विचारावे: प्रत्येक संघास किती सामने मिळतील? पंच कोठला? हिशेब कोठें लावणार? उत्तर समाधानकारक मिळालें तरच थैलीचें तोंड सोडावें. दात्याच्या ह्या चौकसपणानें जेवढें काम होईल तेवढें दहा चषकांनीं होणार नाहीं.