रात्रीचा उजेड आणि हरवलेली झोप

"डॉक्टर, बाकी काही नको, झोपेची एखादी चांगली गोळी तेवढी लिहून द्या," असे म्हणत बाजारपेठेतील एक दुकानदार मध्यंतरी दवाखान्यात आले. वय पन्नाशीच्या आसपास. रक्तदाबाच्या गोळ्या चालू. रात्री एक-दीड वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, सकाळी उठावे तर अंग जड आणि दिवसभर चिडचिड, अशी तक्रार. चहा किती, तंबाखू किती, काळजी कसली, हे नेहमीचे प्रश्न विचारून झाले. त्यातून काही हाती लागले नाही. मग सहज विचारले, "सकाळचे ऊन शेवटचे कधी अंगावर घेतलेत?" त्यावर ते नुसतेच हसले. सकाळी आवरले की दुकान, तेथे रात्री साडेदहापर्यंत डोक्यावर चार एलईडी ट्यूब आणि जेवणानंतर अंथरुणात मोबाइल, असा त्यांचा दिनक्रम होता. दुखण्याचे मूळ बरेचसे येथेच होते.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्याच्या किंचित वर, सुमारे २० हजार पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. झोप केव्हा यावी, जाग केव्हा यावी, शरीराचे तापमान केव्हा उतरावे, याची वेळ ते ठरवते. असे घड्याळ वनस्पतींतही असते. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, ते फळांवरील चिलटांच्या जनुकांवरून शोधून काढणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र हे घड्याळ अगदी काटेकोर नाही. १९९९ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात माणसाच्या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांचा भरला. म्हणजे ते रोज थोडे मागे पडते. जुने चावीचे घड्याळ जसे आपण रेडिओच्या वेळेवर लावून घेत असू, तसे हे घड्याळ रोज लावून घ्यावे लागते. ते काम प्रकाश करतो. सकाळचा प्रकाश त्याला पुढे सरकवतो, तर रात्रीचा प्रकाश मागे ढकलतो.

प्रकाशाची ही बातमी मेंदूला कोण देते? डोळ्याच्या दृष्टिपटलात पाहण्याच्या पेशींखेरीज प्रकाशाची नोंद घेणाऱ्या आणखी काही पेशी असतात, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. रात्री अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचे द्रव्य रक्तात उतरू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. पण डोळ्यांवर झगझगीत उजेड असेल तर या पेशी मेंदूला कळवतात, "अजून दिवस आहे!" मग मेलाटोनिन उशिरा उतरते आणि झोपही लांबते. आजच्या पांढऱ्या एलईडी दिव्यात मुळात निळा प्रकाश तयार होतो आणि पिवळ्या लेपातून जाताना तो पांढरा दिसू लागतो. त्यामुळे जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा त्यात निळ्याचा वाटा जास्त असतो.

येथे थोडे आकड्यांत पाहू. प्रकाश लक्स या मापात मोजतात. पौर्णिमेचे चांदणे अर्धा लक्सही भरत नाही. घरातील ट्यूबचा उजेड शे-दोनशे लक्स असतो, तर भर उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स असतात. म्हणजे दुकानात वा कचेरीत बसणारा माणूस शरीराच्या हिशेबाने दिवसा सावलीत आणि रात्री उजेडात राहतो. घड्याळाला ना धड दिवस कळतो, ना धड रात्र. २०१३ साली अमेरिकेतील कोलोरॅडोत ८ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवले. उजेड फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा. आठवड्याअखेर त्यांचे घड्याळ सुमारे २ तास अलीकडे आले होते.

सगळा दोष मोबाइलच्या उजेडावर टाकूनही चालणार नाही. पडद्यावर पुस्तक वाचणाऱ्यांना झोप लागायला छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा जेमतेम १० मिनिटे जास्त लागली, असे एका प्रयोगात दिसले. मोबाइलवर आपण जे पाहतो, त्यानेही मन जागे राहते, हे विसरू नये.

मग करावे काय? सकाळी उठल्यावर अर्धा तास तरी उघड्यावर काढावा. फिरावे, अंगणात चहा घ्यावा, पण सूर्याकडे टक लावून पाहू नये. झोपण्यापूर्वी दीड-दोन तास घरातील पांढऱ्या ट्यूब बंद करून एखादा पिवळसर मंद दिवा लावावा. मोबाइल उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवावा. वृद्धांना रात्री उठावे लागते. त्यांच्यासाठी मंद पिवळा दिवा जमिनीलगत असावा, कारण पडून हाड मोडण्यापेक्षा थोडा उजेड बरा. यंत्रमागावर वा इतरत्र रातपाळी करणाऱ्यांनी दिवसा झोपताना खिडक्यांना जाड पडदे लावावेत आणि घरच्यांनी त्यांची ही झोप मोडू नये. रातपाळीने कर्करोगाचा धोका बहुधा वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये म्हटले आहे. तेव्हा ही झोप म्हणजे आळस नव्हे.

आमचे दुकानदार तीन आठवड्यांनी पुन्हा आले. आता ते सकाळी नदीपर्यंत चालत जातात आणि आठनंतर दुकानातील दोन ट्यूब बंद करतात. रात्री साडेअकराच्या सुमारास झोप लागते. झोपेची गोळी लिहावी लागली नाही. रक्तदाबाची गोळी मात्र चालूच आहे, ती आपल्या मनाने बंद करायची नसते.

प्रत्येकाची निद्रानाशाची तक्रार एवढ्याने जाईल असे नाही. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, पहाटे लवकर जाग येऊन मन उदास होणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवावे. झोपेच्या किंवा मेलाटोनिनच्या गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत. पण दवाखान्याची पायरी चढण्याआधी आठ दिवस सकाळचे ऊन आणि रात्रीचा अंधार घेऊन पाहायला काय हरकत आहे? दोन्ही फुकट आहेत!