नासर्डी की नंदिनी? रोज दिसणारी ही नदी येते कुठून, जाते कुठे?

पुणे रोडवरचा 'नासर्डी पूल' नाशिककरांना बसथांबा म्हणून पाठ आहे. पुलाखालच्या पाण्याला मात्र अनेक जण नालाच समजतात. प्रत्यक्षात ती गोदावरीची उपनदी आहे, नाव नंदिनी.

शहराच्या पश्चिमेला, त्र्यंबकेश्वरच्या बाजूच्या डोंगरांतून ती येते. सातपूर, उंटवाडी, तिडके कॉलनी, मुंबई नाका असं करत पुणे रोड ओलांडते आणि आगर टाकळीला गोदावरीत मिसळते. समर्थ रामदासांनी १२ वर्षं तप केलं ते याच संगमावर, असं मानलं जातं. आज टाकळीत महापालिकेचं मलनिस्सारण केंद्रही आहे.

नदी लहान, मग भीती कसली? गोदावरीला पूर येणार हे गंगापूर धरणाच्या विसर्गावरून आधी कळतं. नंदिनीवर असं मोठं धरण नाही. डोंगरावरचा आणि शहरातल्या काँक्रीटवरचा पाऊस थेट पात्रात येतो, पाणी झपाट्यानं चढतं.

त्यामुळे काठालगत फ्लॅट बघत असाल, तर उन्हाळ्यातलं पात्र पाहून ठरवू नका (बिल्डर तेच दाखवेल). पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतला.