ई-मेल वार्तापत्राचे स्थलांतर आणि वाचकांची यादी

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकन पत्रकार केसी न्यूटन यांनी आपले ‘प्लॅटफॉर्मर’ हे ई-मेल वार्तापत्र ‘सबस्टॅक’ या प्रकाशनमंचावरून काढून ‘घोस्ट’ या मंचावर नेले. या स्थलांतराचे कारण वैचारिक होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘दि अटलांटिक’ या नियतकालिकात जोनाथन कॅट्झ यांनी सबस्टॅकवर नाझी विचारांची वार्तापत्रे प्रसिद्ध होत असल्याचे दाखवून दिले होते, आणि त्यावर मंचाच्या चालकांनी घेतलेली भूमिका न्यूटन यांस मान्य झाली नाही. त्या वादाचे गुणदोष हा स्वतंत्र विवेचनाचा विषय होय. येथे पाहावयाचे ते इतकेच की, असे वार्तापत्र एका मंचावरून दुसऱ्या मंचावर जाते तेव्हा त्याबरोबर काय जाते, काय मागे राहते, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप करावयाचा त्या वाचकाचे त्यात काय होते.

छापील नियतकालिकाला मुद्रणालय बदलणे फारसे जड जात नसे. वर्गणीदारांची नोंदवही संपादकाच्या कपाटात असे, अंक टपालाने जात, आणि मुद्रकाचा वाचकाशी संबंधच येत नसे. ई-मेल वार्तापत्राच्या बाबतीत ही सर्व कामे एकाच छपराखाली आली आहेत. अंकाची मांडणी, नोंदवही, रवानगी आणि वर्गणीची वसुली या साऱ्यांची व्यवस्था मंचच पाहतो. २०१७ मध्ये स्थापन झालेला सबस्टॅक त्याबद्दल वर्गणीच्या उत्पन्नातील १० टक्के घेतो. हजार वर्गणीदार प्रत्येकी वर्षाला १०० डॉलर देत असतील तर मंचाचा वाटा १० हजार डॉलर होतो, आणि वर्गणीदार वाढतील त्या प्रमाणात तोही वाढत जातो. घोस्टची उभारणी वेगळ्या पायावर आहे. जॉन ओ’नोलन व हॅना वुल्फ यांनी २०१३ मध्ये लोकांकडून निधी गोळा करून सुरू केलेली ही ना-नफा संस्था असून तिच्या प्रणालीची मूळ संहिता कोणालाही उतरवून घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. ज्यांना ती यातायात नको असेल त्यांच्यासाठी संस्था स्वतः सेवा पुरवते. तिचे शुल्क वाचकसंख्येनुसार ठरते, उत्पन्नात वाटा घेतला जात नाही.

स्थलांतर मुळात शक्य होते ते ई-मेलच्या स्वरूपामुळे. ऑगस्ट १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल यांनी शब्दबद्ध केलेला एसएमटीपी हा टपालनियम कोणाच्याही मालकीचा नाही. वाचकाचा पत्ता हाती असला की कोणत्याही सर्व्हरवरून त्याला पत्र धाडता येते. समाजमाध्यमांवरील अनुयायी हे त्या त्या माध्यमाचेच असतात. ई-मेलचे पत्ते मात्र एका साध्या सारणीच्या फाइलमध्ये उतरवून घेता येतात. सबस्टॅकही जुने अंक व पत्त्यांची यादी संपादकास बाहेर नेऊ देतो. ही सवलत किती मोलाची आहे हे एखादा मंच बंद पडतो तेव्हा कळते. ट्विटरने २०२१ मध्ये विकत घेतलेली ‘रेव्ह्यू’ ही वार्तापत्रसेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद करण्यात आली व तीवरील सारी सामग्री पुसून टाकण्यात आली. ज्यांनी त्यापूर्वी यादी उतरवून घेतली नव्हती त्यांची नोंदवही तेथेच संपली. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘टायनीलेटर’ ही छोट्या वार्तापत्रांची आवडती सेवाही अशीच मिटली.

परंतु यादी म्हणजे केवळ पत्ते नव्हेत. तीत तीन प्रकारची माणसे असतात: पैसे भरणारे वर्गणीदार, विनामूल्य अंक घेणारे वाचक, आणि एके काळी अंक घेऊन पुढे आपले नाव कमी करविलेले. पहिल्या वर्गाची चिंता प्रत्येक संपादक करतो आणि सुदैवाने तिचे निवारणही सोपे आहे. वर्गणीची वसुली ‘स्ट्राइप’ या कंपनीमार्फत होते व तेथील खाते संपादकाच्या स्वतःच्या नावे असते. यास्तव तेच खाते नव्या मंचाशी जोडून दिले की वर्गणीदारास आपल्या कार्डाचा तपशील पुन्हा द्यावा लागत नाही आणि त्याची मुदतही कायम राहते.

खरी हेळसांड होते ती तिसऱ्या वर्गाची. स्थलांतराच्या निमित्ताने संपादक जुने कागद उपसतो. पूर्वीच्या सेवेवरून उतरवलेली यादी, एखाद्या व्याख्यानाच्या वेळी जमवलेले पत्ते, मध्यंतरी राखून ठेवलेली प्रत, हे सारे एकत्र करून तो नव्या मंचावर चढवतो. परिणामी ज्यांनी दोन वर्षांपूर्वी स्पष्टपणे ‘नको’ म्हटले होते त्यांच्या दारात अंक पुन्हा येऊन पडतो. ही केवळ गैरसोय नव्हे. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या विदासंरक्षण नियमाप्रमाणे संमती काढून घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्यातही हेच तत्त्व आले आहे. एकदा दिलेला नकार मंच बदलल्याने रद्द होत नाही. म्हणून जाणते लोक नकार देणाऱ्यांची स्वतंत्र यादी प्रथम नव्या ठिकाणी पोचवतात आणि मगच इतरांची नावे चढवतात.

याच प्रश्नाची एक बारीक बाजू सहसा ध्यानात येत नाही. नाव कमी करण्याचा दुवा प्रत्येक अंकाच्या तळाशी असतो, आणि जुने अंक वाचकाच्या टपालपेटीत वर्षानुवर्षे पडून राहतात. स्थलांतरानंतर एखाद्याने जुन्या अंकातील दुव्यावर बोट ठेवले तर त्याचे नाव जुन्या मंचावरील यादीतून जाते. नव्या यादीला त्याची वार्ताही नसते. वाचकाच्या दृष्टीने मात्र त्याने आपले म्हणणे सांगितलेले असते, आणि तरीही अंक येतच राहतो. असा वाचक मग पत्र ‘स्पॅम’ म्हणून नोंदवतो, आणि येथे प्रश्न शिष्टाचाराचा न राहता पतीचा होतो.

पत हा शब्द येथे अलंकारिक नाही. पत्र स्वीकारणारे सर्व्हर प्रत्येक प्रेषकाचा पूर्वेतिहास ठेवतात: त्याच्या पत्रांविरुद्ध किती तक्रारी आल्या, किती पत्ते मृत निघाले, पाठवणीचे प्रमाण एकाएकी वाढले काय. हा इतिहास पाठवणाऱ्या सर्व्हरच्या व डोमेन नावाच्या खाती जमा असतो, लेखकाच्या नव्हे. सबस्टॅकवरील वार्तापत्राचे संकेतस्थळ स्वतःच्या डोमेनवर असले तरी पत्रे सबस्टॅकच्याच डोमेनवरून निघतात. तेव्हा वर्षानुवर्षे नियमाने अंक काढून मिळवलेली टपालपत जुन्या घरमालकाच्या खाती राहते, आणि स्थलांतरित वार्तापत्र नव्या वस्तीत अनोळखी म्हणून उभे राहते.

ओळख पटवण्याची साधने तीन आहेत. एसपीएफ या नोंदीत डोमेनचा मालक आपल्या वतीने पत्रे धाडण्यास कोणते सर्व्हर अधिकृत आहेत ते जाहीर करतो. डीकेआयएममध्ये पाठवणारा सर्व्हर पत्रावर गुप्त किल्लीने अंकीय सही करतो व स्वीकारणारा डोमेनच्या नोंदीतील प्रकट किल्लीने ती पडताळून पाहतो. या दोहोंपैकी एकाही कसोटीवर पत्र उतरले नाही तर त्याचे काय करावे, ही सूचना डीएमएआरसी देते. घोस्टच्या सेवेत प्रत्यक्ष रवानगीचे काम ‘मेलगन’ ही निराळी कंपनी करते. अंक स्वतःच्या डोमेनवरून पाठवावयाचा असेल तर त्या डोमेनच्या नोंदी तिच्या सर्व्हरशी जुळवून घ्याव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून, म्हणजे प्लॅटफॉर्मरच्या स्थलांतरानंतर लगेचच, गूगलने जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना ही तिन्ही साधने सक्तीची केली. शिवाय तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राखणे आणि एका कळीसरशी नाव कमी करण्याची सोय देणे हेही बंधनकारक झाले. हजार पत्रांमागे तीन तक्रारी म्हणजे फार नव्हेत. नकार दिलेली शे-दोनशे नावे चुकून यादीत शिरली तरी मध्यम आकाराच्या वार्तापत्राला ही मर्यादा सहज ओलांडता येईल.

नवी पत जमवण्याचा रूढ उपाय म्हणजे सर्व वाचकांना एकदम न लिहिता प्रथम नियमाने अंक उघडणाऱ्यांना, मग इतरांना, असे टप्प्याटप्प्याने पाठवणे. उपाय योग्य आहे. मात्र त्यामागोमाग न उघडणाऱ्यांना वगळून टाकण्याचा जो मोह होतो तो टाळावा हे बरे. अंक उघडल्याची नोंद पत्रात दडवलेल्या एका सूक्ष्म चित्रावरून होते. जो वाचक चित्रे उतरवू देत नाही तो अंक अथपासून इतिपर्यंत वाचूनही गैरहजर ठरतो. उलट सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल प्रणालीत खासगीपणाची जी सोय आली, तीमुळे चित्रे आपोआप उतरवली जातात आणि न वाचणाराही हजर दिसतो. इतक्या सदोष हजेरीपटावरून नावे खोडणे म्हणजे सर्वांत सावध वाचकालाच शिक्षा करण्यासारखे आहे.

जुन्या अंकांचे स्थलांतर त्या मानाने यांत्रिक असते. सबस्टॅकवर प्रत्येक लेखाच्या पत्त्यात ‘पी’ हे अक्षर येते, घोस्टवर ते नसते. डोमेन स्वतःचे असल्यास जुना पत्ता नव्याकडे वळवता येतो, नसल्यास इतरांनी दिलेले संदर्भ जुन्या घराकडेच जात राहतात. चित्रांची मात्र काळजी घ्यावी लागते, कारण उतरवून घेतलेल्या लेखांत चित्रांचे केवळ दुवे असतात आणि मूळ चित्रे जुन्या मंचाच्या सर्व्हरवर राहतात.

जे मुळीच हलत नाही ते म्हणजे मंचाने मिळवून दिलेला शेजार. सबस्टॅकने २०२२ मध्ये एका वार्तापत्राने दुसऱ्याची शिफारस करण्याची सोय काढली व एप्रिल २०२३ मध्ये ‘नोट्स’ हे स्वतःचे समाजमाध्यम सुरू केले. त्यांतून आलेला ज्या वाचकाने आपला पत्ता देऊन नाव नोंदवले तो यादीबरोबर जातो. केवळ अनुयायी म्हणून जोडला गेलेला राहून जातो, आणि नवे वाचक आणणारा तो झराही तेथेच थांबतो. मंच जसजसे अशा सोयी वाढवतात तसतसा यादीबाहेरचा हा भाग मोठा होत जातो, हे संपादकाने निघण्याच्या दिवशी नव्हे तर त्यापूर्वीच ओळखावयास हवे.

नव्या मंचावरून पहिला अंक गेल्यानंतरही जुने खाते लगेच मिटवून चालत नाही. जुन्या अंकांतील दुव्यांवरून नावे कमी करविणारे वाचक पुढील काही महिने तेथेच येत राहतात. तेवढा काळ दर आठवड्यास जुनी यादी उतरवून नवीशी ताडून पाहावी, जी नावे तेथून गेली असतील ती येथूनही काढावीत, आणि चित्रे नव्या ठिकाणी पोचल्याची खात्री झाल्यावरच जुने खाते बंद करावे.