अमेरिकेतील धोकादायक वाहनचालक आणि मोटार विम्याची सक्ती

मद्यप्राशन करून मोटार चालविल्याबद्दल ज्याचा परवाना निलंबित झाला आहे, अशा चालकास विमा नाकारणे विमा कंपनीच्या व्यावसायिक हिताचे असते. तथापि अमेरिकेतील बहुतेक राज्यांत विम्याशिवाय मोटार रस्त्यावर आणता येत नाही. कायदा ज्याची सक्ती करतो तेच बाजार देण्यास नाखूश असतो. या पेचातून तेथील राज्यांनी काढलेल्या मार्गांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सक्तीचा हेतू

मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ पासून मोटार विमा सक्तीचा केला. या सक्तीमागे चालकाचे रक्षण करण्याचा हेतू नव्हता. ज्यास धडक बसेल त्यास भरपाई मिळावी, हा होता. पुढील सर्व व्यवस्था या एका गोष्टीवर उभी आहे. बेदरकार चालकाकडून अपघाताचा संभव अधिक आणि नेमका तोच विम्याबाहेर राहण्याचा संभवही अधिक. म्हणून अशा चालकांचे अर्ज राज्यातील कंपन्यांना त्यांच्या व्यवसायाच्या प्रमाणात वाटून देण्याची पद्धत रूढ झाली. तिला ‘असाइन्ड रिस्क प्लॅन’ म्हणतात. नको असलेला ग्राहक गळ्यात मारणे घटनाबाह्य आहे, असा आक्षेप कॅलिफोर्नियातील मोटारमालकांच्या एका विमा संस्थेने घेतला होता. १९५१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मलोनी खटल्यात तो फेटाळला. नॉर्थ कॅरोलायनात निराळी रीत आहे. तेथे पॉलिसी नेहमीची कंपनीच देते, परंतु तिचा धोका सर्व कंपन्यांच्या सामाईक पुनर्विमा संस्थेकडे सोपविता येतो. मेरीलँडने तर १९७२ मध्ये कायद्याने स्वतंत्र विमा निधीच स्थापन केला.

प्रमाणपत्राचे स्वरूप

‘एसआर-२२’ या नावाभोवती बराच गैरसमज आहे. ती पॉलिसी नव्हे. चालकाचा विमा चालू आहे, अशी हमी देणारे ते प्रमाणपत्र असून ते विमा कंपनी थेट राज्याच्या परिवहन खात्याकडे दाखल करते. अनेक राज्यांत ते सुमारे तीन वर्षे चालू ठेवावे लागते. हप्ता चुकून पॉलिसी रद्द झाल्यास कंपनीने तसे खात्यास कळवावयाचे असते व परवाना पुन्हा निलंबित होतो. ज्याच्याकडे स्वतःची मोटार नाही, त्यासही परवाना परत हवा असल्यास वाहनरहित चालकाची पॉलिसी घ्यावी लागते. न्यू हॅम्पशायरमध्ये सर्वसाधारण चालकावर विम्याची सक्ती नाही, पण मद्यपी चालकाकडून हे प्रमाणपत्र तेथेही मागितले जाते.

फ्लोरिडाने २००७ मध्ये मद्यपी चालकांसाठी ‘एफआर-४४’ हे अधिक कडक प्रमाणपत्र आणले. त्यात शारीरिक इजेसाठी प्रतिव्यक्ती १ लाख व प्रतिअपघात ३ लाख डॉलर, तसेच मालमत्तेच्या हानीसाठी ५० हजार डॉलर इतके संरक्षण लागते. तत्त्वतः हे योग्यच आहे. परंतु प्रमाणपत्राचे शुल्क किरकोळ असले तरी हप्ता भारी असतो. तो न पेलल्याने चालक विम्याविनाच मोटार चालवू लागला, तर ज्या जखमी व्यक्तीसाठी हा खटाटोप, तिच्या पदरी काहीच पडत नाही. विमा कडक करावा की स्वस्त, हा वाद त्यामुळे मिटत नाही.

चालकापुढे प्रत्यक्षात उरणारा मार्ग संथ आहे. अधिक धोक्याचे ग्राहक घेणाऱ्या कंपन्यांकडे प्रथम विचारणा करावयाची, तेथे नकार मिळाल्यास राज्याच्या योजनेत अर्ज करावयाचा आणि विम्यात खंड पडू द्यावयाचा नाही. कॅलिफोर्नियात १९८८ च्या प्रस्ताव १०३ नुसार हप्ता ठरविताना चालकाच्या पूर्वेतिहासास पहिले स्थान आहे. मद्यपान करून वाहन चालविल्याचा दोष सिद्ध झालेल्यास चांगल्या चालकाची सवलत दहा वर्षे मिळत नाही.

भारतीय संदर्भ

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा असला, तरी खासगी मोटारीसाठी त्याचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. सावध आणि बेफाम चालकास तो सारखाच पडतो. वाहतूक नियमभंगाशी हप्ता जोडावा, अशी सूचना विमा नियामक प्राधिकरणाच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये केली होती. तथापि तो वाढीव हप्ता वाहनाच्या नोंदणीकृत मालकाने भरावयाचा होता. अमेरिकेतील प्रमाणपत्र चालकाच्या परवान्यास चिकटते. या सूचनेनुसार मात्र पगारी चालकाने केलेल्या नियमभंगाचा भार मालकावर पडला असता.