सुगीच्या राशीतून आजारपणाचा वाटा

खळे उठले की आपण आधी बियाणे बाजूला काढतो, मग घरच्या खाण्याचे धान्य, मग देणेकऱ्याचे. आजारपणाचा वाटा मात्र कोणी काढत नाही. आजार सांगून येत नाही, आणि आला की शेळी, दागिना, कधी जमिनीचा तुकडाही घेऊन जातो.

नंदुरबार-धुळ्याकडची कित्येक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला सुरत जिल्ह्यात, बारडोलीकडे जातात. कोणी सुरतेत यंत्रमागावर राबतात. तिथे घरचा कर्ता तापाने पडला, तर एकीकडे मजुरी बुडते आणि दुसरीकडे दवाखान्याचे बिल चढते. मग मुकादमाकडे आणखी उचल मागावी लागते, आणि पुढच्या हंगामाचे श्रम आजच गहाण पडतात.

या संकटावर गुजरातेतल्या कष्टकरी बायांनी एक वाट काढली आहे. इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत ‘सेवा’ ही संघटना उभारली. तिच्या बँकेचे कर्ज काही सभासदांना फेडता येईना. चौकशी केली, तेव्हा घरातले आजारपण हे त्याचे एक मोठे कारण निघाले. म्हणून १९९२ साली ‘विमो सेवा’ सुरू झाली. वर्षाला थोडा हप्ता भरायचा, किंवा एकदाच ठेव ठेवायची आणि तिच्या व्याजातून हप्ता वळता व्हायचा. २००९ साली या विम्यासाठी बायांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली.

यात अडचणीही आल्या. आधी बिल भरा आणि मग पावत्या दाखवून पैसे परत घ्या, हे खेड्यातल्या गरीब बाईला जमेना. म्हणून रोगी दवाखान्यात असतानाच पैसे पोचवण्याचा प्रयोग करण्यात आला. शिवाय बायांच्या दाव्यांत तीन कारणे वारंवार दिसली : जुलाब, ताप आणि गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया. जुलाब बहुधा दूषित पाण्याने होतात, हिवताप डासांनी येतो, आणि ती शस्त्रक्रिया पुष्कळदा टाळता येते. मग संस्थेने बायांना आरोग्याचे शिक्षण देण्याचे कामही हाती घेतले. सभासद आजारीच पडू नये, हे पाहणे हेही विम्याचे काम आहे.

पण ज्याच्या हाती रोकड नाही त्याने काय करावे? याचे उत्तर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात सापडते. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाचे डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या रूपाने हप्ता घेण्याची रीत पाडली. सुगीत जमीनवाल्याने जास्त ज्वारी द्यायची, भूमिहीनाने कमी. उपचार मात्र दोघांना सारखे. गावातली निदान पाऊण घरे सामील झाली पाहिजेत, अशी अट होती; कारण फक्त दुखणाईतच आले तर निधी टिकत नाही. अचानक आलेल्या दुखण्याला रुग्णालयात फुकट उपचार मिळत. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या, आधी कळणाऱ्या गोष्टींसाठी मात्र खर्चाचा काही भाग घरच्यांनी सोसायचा, कारण त्याची तरतूद आधी करता येते.

आता सरकारची आयुष्मान भारत योजना आहे. २०१८ पासून पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार या योजनेतून मिळतात. आपल्या गावचे कार्ड सुरतेतल्या सहभागी रुग्णालयातही चालते. परंतु नुसत्या तपासणीला गेलात आणि बाहेरून गोळ्या-औषधे घेतलीत, तर तो खर्च यात बसत नाही. बुडालेली मजुरीही कोणी भरून देत नाही. तेवढ्यासाठी आपली गाठ आपल्यालाच बांधावी लागेल.

तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, एवढे कराच. गाव सोडण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाचे कार्ड काढून बरोबर ठेवा. जिथे जाल तिथले जवळचे सहभागी रुग्णालय कोणते, हे १४५५५ या फोनवर आधीच विचारून घ्या. पडावावर पाणी उकळून प्या आणि मच्छरदाणी वापरा. गर्भाशय काढायला कोणी सांगितले, तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

आणि यंदाच्या राशीतून पायलीभर धान्य आजारपणाच्या नावाने वेगळे काढा. दहा-वीस घरांनी मिळून ते एकत्र ठेवले, त्याचा हिशेब सर्वांसमोर मांडला, तर अडल्या घराला सावकाराच्या दारी जावे लागणार नाही. बियाणे राखतो तसाच हा वाटाही राखावा.