दहा, वीस, तीस

सिलिंडर गोल असतो हा समज मायक्रोमीटर हातात येईपर्यंतच टिकतो. बोअर वर, मध्ये आणि खाली मापायचा, आणि प्रत्येक ठिकाणी दोनदा: एकदा क्रँकच्या दिशेनं, एकदा तिला काटकोनात. पिस्टन ज्या बाजूला रेलत वर-खाली होतो, त्या बाजूला बोअर जास्त खाल्लेला असतो. वरच्या टोकाला, जिथवर रिंगा पोचत नाहीत, तिथे मूळ मापाची कड उरते. बोट फिरवलं की ती नखाला अडते.

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या शेजाऱ्यांच्या टेबलावर हिवाळाभर असाच एक ब्लॉक होता. ते निवृत्त मशिनिस्ट आहेत. मी धरायला, पुसायला आणि मापं लिहून घ्यायला. मूळ बोअर ३.३७५ इंचांचा, काटकोनात माप आलं ३.३८२. त्यांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, दहात साफ निघणार नाही, वीस घ्यावा लागेल.

दहा, वीस, तीस म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेले ओव्हरसाइज. बोअर खराब झाला की तो तेवढा मोठा कापायचा, त्याच मापाचा पिस्टन आणि रिंगा घालायच्या. या इंजिनाला अशा तीन पायऱ्या आहेत, आणि त्या कारखान्यानंच ठरवून दिलेल्या. इंजिन आहे कोहलरचं के-३०१: एक सिलिंडर, १२ हॉर्सपॉवर, ४७६ सीसी, व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच. कोहलर हे नाव आपल्या लोकांना बाथरूममधल्या नळ-कमोडमुळे माहीत. कंपनी १८७३ सालची, गावाचं नावही कोहलरच, आमच्याच राज्यात शेबॉयगनच्या शेजारी. बाथटबसाठी बिडाचं ओतकाम करणाऱ्यांनी इंजिनाचा ब्लॉकही बिडाचाच ओतला, यात नवल नाही. ॲल्युमिनियमचा नुसता ब्लॉक असता तर चकचकीत, हलका झाला असता, आणि खाल्ल्यावर बहुधा भंगारात गेला असता.

ज्या ट्रॅक्टरातून हे इंजिन उतरवलं तो कब कॅडेट १२४, १९६८च्या आसपासचा. इंटरनॅशनल हार्वेस्टर शेतीचे ट्रॅक्टर करायची. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांबाहेर बंगले आणि हिरवळी वाढल्या, तेव्हा १९६०-६१मध्ये तिनं लुईव्हिलच्या कारखान्यातून ही लहान चीज काढली. मागची गिअरची पेटी फार्मॉल कब या शेतातल्या छोट्या ट्रॅक्टरच्या घराण्यातली. १२४मध्ये इंजिनापासून तिथवर पट्टा नाही, सरळ पोलादी शाफ्ट जातो. १९८१मध्ये हार्वेस्टरनं हा धंदा विकला. नाव अजून चालू आहे.

‘पूर्वीचं सगळं दणकट होतं’ हे वाक्य इथे जुन्या यंत्रांच्या जत्रेत पावलोपावली ऐकू येतं. माझा त्यावर अर्धाच विश्वास आहे. जे फुसकं होतं ते केव्हाच वितळवलं गेलं, ते जत्रेत कुठून येणार? आणि याच इंजिनाचा कनेक्टिंग रॉड पाहा. तो ॲल्युमिनियमचा, आणि मोठ्या टोकाला वेगळं बेअरिंगसुद्धा नाही. रॉडचाच धातू क्रँकच्या पिनवर फिरतो. ऑइल पंप नाही. रॉडच्या खाली एक पळी आहे, ती दर फेऱ्याला तेलात बुडते आणि तेल उडवते. तेल कमी पडलं, किंवा उतारावर फार वेळ तिरकं चालवलं, की रॉड कोरडा पडतो, पकडतो आणि तुटतो. मात्र झिजायचं ते स्वस्त रॉडनं आणि वाचायचं ते महागड्या क्रँकनं, हा त्यातला हिशेब मला पटतो.

आमच्या क्रँकवर रॉडचं ॲल्युमिनियम वितळून चिकटलं होतं. पिन राखाडी, खरखरीत. नवख्याला वाटेल, क्रँक गेली. शेजाऱ्यांनी हायड्रोक्लोरिक ॲसिड काढलं, आपल्याकडे संडास धुवायला मिळतं तेच. गॅरेजचं दार उघडं, रबरी हातमोजे, कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब. ॲल्युमिनियमवर ॲसिड पडलं की फसफसून बुडबुडे येतात; पोलाद लागलं की फसफस थांबते. थांबली की लगेच पाण्यानं धुवायचं, पुसायचं, तेल लावायचं. खालून पिन जवळजवळ गुळगुळीत निघाली. मग पुन्हा मायक्रोमीटर. नशिबानं मापात बसली, ग्राइंडिंगला पाठवावी लागली नाही. लागली असती तरी दहा कमी मापाच्या पिनसाठी रॉड मिळतो.

नवीन रॉड बसवताना त्याच्या आणि टोपीच्या खुणा जुळवायच्या आणि त्या फ्लायव्हीलच्या बाजूला ठेवायच्या. उलटं बसवून चालत नाही.

क्रँककेसमध्ये आणखी दोन गिअर होते, एका बाजूला मुद्दाम जड केलेले. एका सिलिंडरचं इंजिन थरथरतं, ती थरथर मारायला ते क्रँकबरोबर फिरतात. कल्पना कागदावर छान. पण त्यांच्या सुईबेअरिंगा झिजल्या की गिअर सुटतो आणि ब्लॉकला आतून भोक पाडून बाहेर येतो. एवढा बिडाचा ब्लॉक, आणि तो फुटतो सुखसोयीसाठी घातलेल्या भागामुळे! इथले बरेच जाणकार इंजिन उघडलं की हे गिअर काढून ठेवतात. आम्हीही काढले. स्टिअरिंगला हात थोडा जास्त झिणझिणतो, एवढंच.

इग्निशनबद्दल फार लिहीत नाही. राजदूत चालवलेल्या माणसाला पॉइंट आणि कंडेन्सर काय ते सांगायला नको. इथे पॉइंट ब्लॉकच्या बाहेर, एका झाकणाखाली असतात; गॅप वीस थाउ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, आणि फ्लायव्हीलवरची ‘एस’ ही खूण भोकातून दिसते तेव्हा ते उघडायला हवेत.

इंजिन मारणारी खरी गोष्ट मात्र साधी आहे: गवत. पत्र्याच्या आवरणाखाली सिलिंडरच्या फिन्समध्ये कापलेलं गवत ठासून भरतं, त्यात उंदीर घर करतात, हवा अडते, इंजिन एका बाजूनं भाजून निघतं. वर्षातून एकदा तो पत्रा काढला असता तर बोअर इतका वाकडा खाल्ला गेला नसता, असं शेजारी म्हणतात. आधीच्या मालकानं तो कधी काढलाच नव्हता. बोल्ट गंजून जाम होते.

बांधून झाल्यावर मी कॉम्प्रेशन गेज लावायला निघालो, तर त्यांनी थांबवलं. कॅमशाफ्टवर एक यंत्रणा आहे. कमी वेगात ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचलून धरते, म्हणजे स्टार्टरला जोर कमी लागतो. त्यामुळे गेजवर आकडा कमीच येणार आणि माणूस उगाच घाबरणार. स्टार्टरही मजेशीर: तोच पट्ट्यावरून इंजिन फिरवतो आणि चालू झालं की तोच बॅटरी चार्ज करतो.

पाच तास चालवून पहिलं तेल बदललं. उन्हात धरल्यावर त्यात बारीक चमक दिसत होती. रिंगा बोअरला बसत असतात तेव्हा ती येतेच. हेडचे बोल्ट थंड झाल्यावर पुन्हा आवळले. क्लचच्या शाफ्टवरची एक पिन ढिली आहे, गिअर टाकताना खट्ट वाजतं. पण मे महिना लागलाय आणि गवत घोट्यापर्यंत आलंय, त्यामुळे पिन आता हिवाळ्यात.