परक्या चवीची ओढ का लागते?

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. पुण्यातील पुष्कळ घरांत उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी होते. कडक उपवास करणारी आजीसुद्धा ती निःशंकपणे खाते. कारण खिचडी म्हणजे अगदी आपला, घरचा पदार्थ. आता या खिचडीत काय काय असते ते पाहू या. साबुदाणा, दाण्याचे कूट, हिरवी मिरची, बटाटा, जिरे, तूप आणि मीठ. यांपैकी पहिल्या चार वस्तूंचे मूळ गाव शोधू लागलो, तर आपण थेट अटलांटिक महासागरापलीकडे पोचतो. ज्या कसावाच्या मुळांतील पिठापासून साबुदाणा करतात, ते झुडूप मूळचे ब्राझीलकडचे. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, बटाटा अँडीज पर्वतातला आणि मिरची मेक्सिको व त्याच्या आसपासच्या प्रदेशातली!

कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरील बेटांवर पोचला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून आलेल्या इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ही पिके हळूहळू आपल्याकडे आली. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली, तेव्हा महाराष्ट्रात मिरची नव्हती. जेवण झणझणीत करायचे तर मिरे, आले आणि पिंपळी यांचाच आधार होता. 'मिरची' हे नावसुद्धा मिऱ्यावरूनच पडले. 'बटाटा', 'पाव', 'काजू', 'अननस' हे शब्द तर पोर्तुगीजांकडून आपण वस्तूंबरोबरच उचलले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे धान्य होते, कडधान्ये होती, मसाले होते. मग परक्या मुलखातील या वस्तू आपल्या जिभेला का आवडू लागल्या? मिरची स्वस्त पडली, हे एक कारण खरेच आहे. मिऱ्याच्या वेलाला मलबारसारखी दमट हवा लागते, मिरचीचे रोप परसातही वाढते. परंतु स्वस्ताईमुळे वस्तू दारापर्यंत येते. ती ताटात का राहते, याचे उत्तर आपल्या जिभेत, नाकात आणि मेंदूत शोधावे लागते.

उंदराची अडचण, माणसाचीही तीच

रेशमाचा किडा तुतीची पाने खातो आणि कोआला हा ऑस्ट्रेलियातील प्राणी निलगिरीची. 'आज काय खावे' हा प्रश्न त्यांना पडतच नाही. माणूस आणि उंदीर मात्र सर्वभक्षी. सर्वभक्षी प्राण्याला एक फायदा असतो: एक अन्न संपले तरी तो दुसऱ्यावर जगतो. त्याबरोबर एक धोकाही असतो: नवे अन्न विषारी निघू शकते. म्हणून उंदीर अनोळखी वस्तू आधी किंचित कुरतडतो आणि थांबतो. शेतकरी ही गोष्ट चांगली ओळखून असतात. ते विषारी आमिष ठेवण्यापूर्वी काही दिवस बिनविषारी आमिष ठेवून उंदरांना त्याची सवय लावतात.

नव्याचे कुतूहल आणि नव्याची भीती अशा दोन्ही ओढी सर्वभक्षी प्राण्यात एकाच वेळी असतात, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९७६ मध्ये मांडले. दोन-तीन वर्षांची मुले नवी भाजी पाहून तोंड फिरवतात, ती केवळ हट्टामुळे नव्हे. बाळाने रांगता रांगता दिसेल ते तोंडात घातले असते, तर आपल्या पूर्वजांपैकी किती जण वाचले असते?

कुतूहलाचाही उपयोग आहे. कोणत्याही एका अन्नात शरीराला लागणारे सर्व घटक नसतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन कमी असते, ते डाळीतून मिळते. म्हणून भाकरी आणि पिठले ही जोडी उत्तम. एकच चव सतत मिळाली की तिचा कंटाळा यावा, अशी योजना आपल्या शरीरातच आहे. लग्नाच्या पंगतीत 'आता भात नको' म्हणणारा पाहुणा जिलबी आली की सरसावून बसतो! १९८१ मध्ये बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवले, की पोटभर खाल्लेला पदार्थ नकोसा वाटतो, पण न खाल्लेल्या पदार्थांची आवड तितकी घटत नाही. परक्या चवीला आपल्या मनात जागा मिळते, ती येथे.

तोंडात आग नसताना आगीची वर्दी

आता मिरचीकडे वळू. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे मिरचीची गंमत मला तापमानातून दिसते. जीवशास्त्रज्ञांच्या हिशेबी मूळ चवी पाच: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. त्यांत तिखट नाही, कारण तिखट ही चव नसून एक प्रकारची वेदना आहे. आपल्या चेताटोकांवर तापमान ओळखणारी सूक्ष्म दारे असतात. त्यांपैकी एक दार सुमारे ४३ अंश सेल्सिअसला उघडते आणि 'भाजते आहे' असा संदेश मेंदूकडे जातो. मिरचीतील कॅप्सेसिन हा रेणू त्याच दाराला चिकटतो आणि शरीराच्या नेहमीच्या ३७ अंशांनाच ते उघडतो. आग नसताना आगीची वर्दी जाते! हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधले. अशा संशोधनाबद्दल त्यांना २०२१ मध्ये आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

मग या वेदनेची आवड कशी लागते? रोझिन आणि शिलर यांनी मेक्सिकोतील एका डोंगराळ गावात याचा अभ्यास करून तो १९८० मध्ये प्रसिद्ध केला. तेथे लहान मुलांवर मिरचीची सक्ती कोणी करत नाही. मोठी माणसे आवडीने खातात ते मुले पाहतात, थोडे थोडे चाखतात आणि हळूहळू त्यांनाही ते आवडू लागते. रोझिन यांच्या मते हा जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखा आनंद आहे. पोटात गोळा येतो, पण आपण सुरक्षित आहोत हे मनाला ठाऊक असते.

ओळखीच्या हाताला धरून

परका पदार्थ सहसा एकटा येत नाही. तो ओळखीच्या चवीचा हात धरून येतो. प्रत्येक प्रदेशाच्या स्वयंपाकाला काही ठरावीक मसाल्यांची ओळख असते, आणि नव्या वस्तूला ती ओळख दिली की तिची भीती कमी होते, असा विचार पाकशास्त्रलेखिका एलिझाबेथ रोझिन यांनी १९७३ मध्ये मांडला. बटाटा परका खरा, पण मोहरी, हळद, कढीपत्त्याच्या फोडणीत पडला की त्याची भाजी होते. ती डाळीच्या पिठात बुडवून तळली आणि पावात ठेवली की झाला वडापाव! चायनीज भेळही अशीच. तळलेल्या नूडल्स, कोबी, सॉस हे सारे नवे. पण कुरकुरीत, आंबट, तिखट, कालवून लगेच खायचे, ही रीत आपल्या भेळेचीच.

पुण्यात याची उदाहरणे पावलोपावली आहेत. डेक्कनवरील 'गुडलक' हे इराणी उपाहारगृह १९३५ सालचे. तेथला बनमस्का कॉलेजच्या पिढ्यान्पिढ्यांचा आवडता. 'वैशाली', 'रूपाली'मुळे इडली-डोसा फर्ग्युसन रस्त्याचा झाला. ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरी १९५५ सालची. तिची श्रुसबेरी बिस्किटे पाहा: नाव इंग्लंडमधील गावाचे, करणारे इराणी, आणि परगावी जाताना लोक ती नेतात 'पुण्याची' म्हणून!

नाक आणि सवय

एक प्रयोग करून पाहा. नाक घट्ट धरून थोडी साखर आणि बडीशेप चावा. फक्त गोडी कळेल. आता नाक सोडा. बडीशेपेचा स्वाद एकदम उमटेल. ज्याला आपण 'चव' म्हणतो त्यातील मोठा भाग वासाचा असतो. घास चावताना त्याचे गंधरेणू घशाच्या मागून नाकात जातात. तेथे सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राहक त्यांची नोंद घेतात.

त्या वासाला चांगले म्हणायचे की वाईट, हे मात्र बव्हंशी सवयीने ठरते. हिंगाचेच पाहा. हा इराण, अफगाणिस्तानकडील एका वनस्पतीच्या मुळांचा चीक. त्यात गंधकाची संयुगे असल्याने कच्च्या हिंगाचा वास इतका उग्र, की जर्मन भाषेत त्याला 'सैतानाची विष्ठा' अशा अर्थाचे नाव आहे! आपल्याला मात्र हिंगाची फोडणी बसली की भूक लागते. शतकानुशतके आपण तो बाहेरून आणत आलो. पालमपूरच्या संशोधन संस्थेने हिमाचलातील लाहौल भागात हिंगाची लागवड सुरू केली, ती २०२० मध्ये.

ही सवय लागते कशी? १९८२ मध्ये लीन बर्च आणि मार्लिन यांनी दोन वर्षांच्या मुलांना नवे चीज आणि नवी फळे चाखायला दिली. काही प्रकार दोनदा, काही पाच, दहा, वीस वेळा. जो प्रकार जास्त वेळा चाखला, तोच मुलांना अधिक आवडू लागला. म्हणून पहिल्या घासाला आलेला नकार हा शेवटचा निकाल समजू नये.

शेजारच्या बाकावरचा डबा

मित्रांनो, हे सारे तुम्हाला सांगण्यास कारण आहे. पुण्यात आज देशाच्या सर्व भागांतून मुले शिकायला येतात. नागालँडच्या मुलाच्या खोलीत अखुनी, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, शिजते. कोकणातल्या मुलीच्या डब्यात सुकट असते. मग कोणी नाक धरतो, कोणी 'शी!' म्हणतो, आणि ते मूल दुसऱ्या दिवसापासून डबा एकटे बसून खाते. 'शी' म्हणणाऱ्याला वाटते, की वासच वाईट आहे. आपण पाहिले, की वाईटपणा बराचसा आपल्या अपरिचयात असतो. इडलीचे पीठ, ढोकळा, दही हेही आंबवलेलेच पदार्थ आहेत. फक्त त्यांचा वास आपल्या ओळखीचा आहे.

शिवाय परक्या पदार्थात परक्यांचे ज्ञान साठवलेले असते. कच्च्या कसावातून सायनाइडसारखे जहाल विष निर्माण होते. तो किसून, पिळून, भाजून निर्धोक कसा करावा, हे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी प्रयोगशाळा नसताना शोधले. त्यांनी ते पीक हाताळण्याजोगे केले नसते, तर आपल्या एकादशीला साबुदाणा कोठून आला असता?

प्रत्येकाने सर्व काही खावेच, असे माझे म्हणणे नाही. कोणाचे व्रत असते, कोणाला एखादी वस्तू सोसत नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण उद्या शेजारच्या डब्यातून अनोळखी वास आला, तर नाक मुरडण्याआधी विचारा, "हे काय आहे? कसे करतात?" जमल्यास एक लहानसा घास मागून घ्या, आणि आपल्या डब्यातील एक पुढे करा.